चिणलेले भुयार

प्रिय दादा,

हे पत्र तुझ्यापर्यंत पोहोचणार नाही, म्हणूनच ते लिहिण्याचा धीर झाला.

प्रधानांनी राणीचे खोटे मृत्युपत्र तिजोरीत ठेवले होते आणि ते चोरून उजेडात आणायचे तू ठरवले होतेस. दफ्तरखान्यातल्या जुन्या कागदांवरून मी भुयाराचा नकाशा काढून दिला, तेव्हा तू हसलास. "छोटे, बहीण पहिल्या नंबराची असली की चोरालासुद्धा वाट चुकायची सोय नाही!"

तू भुयारात उतरलास त्याच दुपारी प्रधान दफ्तरखान्यात माझ्या मेजापाशी आले. त्यांनी धमकावले नाही. गुरुजींसारखे मायेने विचारले, "बाळ, तिजोरीकडे जाणारं भुयार कोणतं गं?"

वडीलधाऱ्यांनी विचारले की अचूक उत्तर द्यायचे, एवढेच मला आजवर येत आले होते. मी उत्तर दिले. संध्याकाळच्या आत भुयाराची दोन्ही तोंडे चिणली गेली.

त्यानंतर वर्षभर माझ्या मेजामागच्या भिंतीतून टकटक ऐकू येत राहिली. "घुशी असतील गं," असे सगळे म्हणत आणि मीही मान डोलावत असे.

परवा प्रधान वारले. आज गवंड्यांनी भुयार उघडले. तुझ्या अस्थींशेजारी, भिंतीवर, मीच शिकवलेली तुझी वाकडीतिकडी अक्षरे कोरलेली होती: "छोटे, नकाशा बरोबर होता. स्वतःला दोष देऊ नकोस."

तुझ्या अस्थी आम्ही नदीत सोडल्या. भुयार आता रिकामे आहे, तरी टकटक थांबलेली नाही.

दादा, प्रधानांना उत्तर कोणी दिले, ते तुला कळले तर नाही ना रे?

तुझीच,
छोटी