अंधुक ताऱ्याच्या जरा बाजूला

३ मार्च, मंगळवार

घसा पार बसला. तारांगणात दिवसभर तेच निवेदन — घुमटात अंधार करायचा, सूर्य उगवायचा आणि लोकांना सांगायचं की तारा लाकडासारखा जळत नसतो. त्याच्या पोटात हायड्रोजनचे कण इतके दाबले जातात की जुळून त्यांचा हेलियम होतो. त्या व्यवहारात जरासं वजन हरवतं, त्याचाच उजेड होतो! माझं वजन मात्र काही केल्या हरवत नाही.

प्रोजेक्टर चालवणारा आमचा धूमकेतू (कधी उगवेल नेम नाही) आज वेळेवर आला आणि लगेच झोपला. सूर्य मावळायचं विसरला.

घरी बाबा. नवऱ्याला सोडून माहेरी आले तेव्हापासून हा माणूस माझ्या तोंडाकडे बघत नाही. बोलतात, ओरडतात, मीठ मागतात — पण नजर माझ्या डाव्या कानावर! त्या कानात नवं कानातलं घातलं. एवढं रोखून बघतात तर निदान ते तरी दिसावं. छे! एक शब्द नाही.

५ मार्च, गुरुवार

सूर्याच्या पोटातला उजेड पृष्ठभागापर्यंत यायला हजारो वर्षं खातो. इकडे धडक, तिकडे धडक — सरकारी कचेरीतली फाइलच ती. एकदा सुटला की मात्र आठ मिनिटांत आपल्या दारात.

पहिल्या रांगेतल्या बाईंनी हात वर केला. "म्हणजे आजचं ऊन शिळं?"

हो बाई. फार शिळं. नुसतं गरम करून वाढलंय.

बाबांच्या पोटातलंही असंच असणार. ते बाहेर येईपर्यंत मी हयात असले म्हणजे मिळवली.

८ मार्च, रविवार

ताई आली होती. बाबांनी तिच्यासाठी चहा ओतला तो थेट बशीत. वर कपालाच शिव्या — "हल्ली कप कसले करतात!" पेपरवाल्यांना शाई परवडत नाही, हे त्यांचं रोजचंच.

ताई म्हणाली, डोळे दाखवू या. झालं! "चाळीस वर्षं बस चालवली. एक कोंबडी मारली नाही. मला डॉक्टर?"

मला राहवलं नाही. म्हटलं, "डोळे चांगलेच आहेत गं ताई. फक्त माझ्यावर खर्च करायचे नाहीत त्यांना."

बाबांनी माझ्या कानाकडे बघितलं. बराच वेळ. मग उठून आत गेले.

माझी लाज वाटते त्यांना, दुसरं काय. तोंड बघवत नसेल तर नको बघू देत. मी खोली शोधतेय.

१० मार्च, मंगळवार

खोली मिळाली. खिडकी समोरच्या भिंतीकडे उघडते. भिंतही माझ्याकडे बघणार नाही, पण ती निदान माझा बाप नाही.

१२ मार्च, गुरुवार

बाबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "किल्ली कधी मिळणार?"

सोमवारी, म्हटलं. मग न्हाणीघरात नळ सोडून रडले. एवढी मोठी झाले तरी मला अजून वाटतं की बाबांनी थांब म्हणावं.

१४ मार्च, शनिवार

ताई उद्या बाबांना तारांगणात आणतेय. जायच्या आधी एकदा तुझं काम बघू दे त्यांना, म्हणे. घोरले नाहीत म्हणजे झालं.

१५ मार्च, रविवार

खेळ नेहमीसारखाच. शेवटी घुमटावर एक अंधुक तारा. माझं ठरलेलं वाक्य म्हटलं — "सरळ बघाल तर गायब होईल. डोळ्याचा मधला भाग अंधारात आंधळा असतो, कडेचा जागा असतो. जरा बाजूला बघा, लगेच दिसेल."

अंधारातून तो बसमधला आवाज आला. "त्यात काय शिकवतेस! वर्षभर तेच करतोय मी. पोरीकडे सरळ बघितलं की तिचं तोंडच गायब. कानाकडे बघितलं की सापडते!"

घुमटभर हशा. मी माइक बंद केला. रोज शेकडो लोकांना हेच सांगणारी मी! धूमकेतूने जन्मात पहिल्यांदा कामाचं काहीतरी केलं — संगीत लावलं.

बाहेर उन्हात बाबा ताईचा हात धरून उभे होते. उद्या डॉक्टर, मी म्हटलं. चक्क नाही म्हणाले नाहीत. किल्ली नको म्हणून कळवते, म्हटलं. त्यांनी माझ्या कानाकडे बघितलं.

"रडून नाक लाल झालंय तुझं," म्हणाले.

मी मान अजिबात हलवली नाही.