नातवानं काडतूस विचारलं

अप्पा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा आवाज आठवायचा तर आधी दुकानाच्या फळ्या काढतानाचा खडखडाट आठवावा लागतो; मग त्याच्यामागून तुमचं खाकरणं येतं, आणि त्यामागून तुम्ही. आज दुपारी जेवण झालं, भांडी तशीच मोरीत ठेवली आणि कागद घेऊन बसले. ताप वगैरे काही नाही, नुसता शीण आहे. उठावंसं वाटत नाही, निजावंसंही वाटत नाही. एक प्रश्न महिनाभर पदराला गाठ मारल्यासारखा माझ्याबरोबर हिंडत होता, आणि तो तुमच्या धंद्यातला होता. तुमच्याशिवाय कुणाला सांगणार?

माझ्या मुलीचा मुलगा, तुमचा पणतू, तुम्ही त्याला पाहिलं नाहीत. अमेरिकेत टेक्सासला जन्मला, तिथंच वाढला, आता नोकरीला लागलाय. दिवाळीला त्याची आई फोन त्याच्या हातात कोंबते, तो ‘हाय अज्जी, बरी आहेस?’ म्हणतो, मी ‘जेवलास का बाळा’ म्हणते, आणि मग पुढं काय बोलावं म्हणून दोघंही खोकतो. तर महिन्यापूर्वी एका सकाळी त्याचा आपणहून फोन आला. मला वाटलं, पोरीला काहीतरी झालं. हातातली परात खाली ठेवली. तर हा म्हणतो, "अज्जी, मम्मी म्हणते तुला काडतुसांचं सगळं माहितीये. खरंच?"

"सगळं कुणाला माहीत असतं रे? दुकान होतं आपलं, एवढंच."

मग तो सुटला. तिकडं परवाना काढून हरणाची शिकार करता येते, पांढऱ्या शेपटीचं हरीण असतं, मित्राच्या सासऱ्याचं रान आहे, ह्या हंगामात हा पहिल्यांदाच जाणार. रिव्हॉल्वर घेतलंय, फोर्टी-फोर मॅग्नम. घरी काडतूस भरायला येत नाही, त्यामुळं कंपनीचं तयार घ्यायचं. "पण दुकानात भिंतभर बॉक्सेस आहेत अज्जी, आणि इंटरनेटवर सगळे एकमेकांशी भांडतायत. तू सांग ना, कुठलं घेऊ?"

मी म्हटलं, "रायफल मिळत नाही का तिथं?"

"मिळते. पण रायफलनं लांबून मारतात. रिव्हॉल्वरला जवळ जावं लागतं. मला ते जास्त बरोबर वाटतं."

ह्या वाक्यावर तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला असता, अप्पा. गिऱ्हाईक मनात भरलं की तुम्ही तसंच करायचात. मी मात्र म्हटलं, "विचार करून सांगते," आणि फोन ठेवला. विचार कसला करायचा होता? उत्तर जिभेवरच होतं. पण गळ्यातल्या इष्टलिंगाकडं हात गेला आणि जीभ तिथंच थांबली. म्हटलं, पोरगं आहे, गिटार आणली तीही धूळ खात पडली, कॅमेऱ्याचंही तेच झालं. आपण गप्प बसावं, हेही खूळ जाईल.

आपल्या घराची गंमत बाहेरच्यांना कधी कळलीच नाही. लिंगायताचं घर, अंडंसुद्धा उंबरा ओलांडून आत आलं नाही, आणि पोट चाललं शिकारीच्या काडतुसांवर. तुम्ही स्वतः जन्मात जनावरावर बंदूक उचलली नाहीत. तरी कुठली गोळी आत जाऊन काय करते हे तुम्हाला पाठ, कारण तुमची एक रीत होती. गिऱ्हाइकानं शिकार केली की जनावराच्या अंगातली गोळी काढून, धुऊन परत आणून दाखवायची. मगच पुढचा डबा. कुठली फुलासारखी उमललेली, कुठली चुरा झालेली, कुठली जशीच्या तशी. तुम्ही त्या लोणच्याच्या बरणीत ठेवायचात. आईला ती बरणी सापडली तो दिवस आठवतो का? भाकरी थापता थापता पीठ भरल्या हातानं ती दारात आली. "गळ्यात लिंग आणि दुकानात शिशाचं लोणचं! आता वाढा म्हणावं गिऱ्हाइकांना तोंडी लावायला!" दुसऱ्या दिवशी नवी बरणी आणून दिलीत. जुनी मात्र दुकानातच राहिली, आणि तेव्हापासून मागच्या दारात पाय धुतल्याशिवाय तुम्हाला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही तिनं.

माझी शाळा सातवीत सुटली. इंग्रजी मी खोक्यांवरून शिकले. ‘कीप ड्राय’ आणि ‘सॉफ्ट नोज’ हे माझे पहिले धडे. सॉफ्ट नोज म्हणजे मऊ नाकाची, हे तुम्ही सांगितलंत. टोकाला उघडं शिसं, खाली तांब्याचं कवच. आत शिरली की पुढून पसरते, मागून एकसंध राहते. हसू आलं होतं मला, गोळीला कसलं नाक? तुम्ही मला लाडानं अव्वा म्हणायचात; म्हणालात, "हस की. पण ध्यानात ठेव अव्वा, नाक मऊ असलं की जनावर जागेवर बसतं. कडक असलं की ते रानभर फिरत मरतं."

आणि मग मैंदर्गीकडचे ते इनामदार. शिकारबंदीचा कायदा यायच्या आधीची गोष्ट. दुकानासमोर जीप थांबते, ते उतरतात, कमरेला फौजेतलं जुनं रिव्हॉल्वर. मी गल्ल्यापाशी बसले आहे. ते म्हणतात, बंदुकीनं काळवीट कुणीही पाडतो, मी ह्यानं पाडणार, पैज लागलीय, चांगली काडतुसं काढा. तुम्ही त्यांच्याकडं बघता, रिव्हॉल्वरकडं बघता आणि कानडीत म्हणता, "ब्याड." नको. पैजेसाठी मुकं जनावर नको. ते हसतात, "अप्पा, तुमी दुकानदार हाय का स्वामी?" तुम्ही डबा आतल्या कपाटात ठेवून कुलूप लावता. ते निघून जातात. मला असा अभिमान वाटला म्हणता! त्या दिवशी मी आईला तीनतीनदा सांगितलं, आपल्या अप्पांनी इनामदाराला हात हलवत पाठवलं.

पुढच्याच आठवड्यात त्या बाजूचा एक शेतकरी आला. डोक्याचा पटका सोडला, त्याच्या गाठीतून एक गोळी काढली आणि काचेवर ठेवली.

"मालक, तुमच्या हितली हाय का ही?"

तुम्ही उचलून उजेडात धरलीत. फौजी गोळी, सबंध कवचाची. कुठं चरा नाही, कुठं दबलेली नाही. "न्हाई."

"मग कुनाची?"

"ज्याला मी दिलं न्हाई, त्याची."

तो खाली पायरीवर बसला. "माज्या तुरीत येऊन पडलं हुतं बगा काळवीट. सकाळपातुर जित्तं हुतं. पानी दावलं मी, तर मान बी उचलंना. लेकरं लई रडली." मग तोच तुमची समजूत घातल्यासारखं म्हणाला, "तुमी कशाला तोंड पाडताय? तुमी थोडीच मारलं."

इनामदारांच्या घरात कुठल्यातरी पेटीत जुनी फौजेची काडतुसं पडलेली होती. तीच घेऊन गेले होते ते. फौजेची गोळी उमलायला केलेलीच नसते. शिरते आणि सरळ जाते. त्या संध्याकाळी तुम्ही पानावर बसलात आणि भाकरीला हात लावला नाहीत. मी आपली शहाणी, म्हटलं, "अप्पा, तुम्ही तर दिलंच नव्हतं. तुमच्याकडं काय दोष?" तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नव्हता. तेव्हा ओरडलात. "दिलं न्हाई म्हणूनच की! तो जायचाच होता. मला कळत होतं तो जाणार. आणि मी कुलूप लावून पुण्यवान होऊन बसलो." आई चुलीपाशी तशीच थांबली. मग आवाज उतरवून तुम्ही म्हणालात, "गप बसणं लई स्वस्त असतं अव्वा. त्याचा भुर्दंड दुसराच भरतो."

त्यानंतर तुम्ही कुणाला परत पाठवलं नाहीत. उलट गिऱ्हाइकाचा जीव खायचात. कुठलं जनावर, किती लांबून, हात कापतो का, ह्याच डब्यातलं एखादं झाडून बघितलंस का. लोक कंटाळायचे. एकजण तर म्हणाला होता, मुलगी बघायला गेलो तेव्हा इतकं विचारलं नव्हतं.

पुढं कायदा आला, शिकार संपली, ते बरंच झालं. तिकडच्या माळावर काळविटं पुन्हा दिसतात म्हणे. नवरा गेल्यावर मी पोरीला घेऊन परत आले तेव्हा तुम्ही काही विचारलं नाहीत, नुसती दुकानाची किल्ली हातात ठेवलीत. तुमच्यामागं मी ते ओढलं. डुकरांपासून पीक राखणारे परवान्याचे शेतकरी आणि बँकांचे पहारेकरी, एवढीच गिऱ्हाइकं. निवडणूक आली की लोकांच्या बंदुका जमा करून घ्यायच्या, निवडणूक गेली की तेल पुसून परत द्यायच्या. पुसून पुसून हात गेले, मग गुडघे गेले, मग परवाना परत केला. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. पोरगा चांगला आहे, दिसले की खुर्ची देतो. मी बसत नाही. बसलं की उठवत नाही.

आज सकाळी पुन्हा फोन आला. येत्या शनिवारी हंगाम उघडतो. "अज्जी, तू काही सांगितलंच नाहीस. मग मी घरात आहेत तीच नेतो." मी विचारलं, कुठली? म्हणाला, घराच्या राखणीसाठी घेतलेली. वजनाला हलकी, पळायला जबरदस्त, तोंडाला भोक. "व्हिडिओमध्ये काय मस्त फुटतात माहितीये!"

ऐकलंत, अप्पा? माणसासाठी केलेली गोळी ती, चटकन उमलते आणि तिथंच दमते. हरणाच्या खांद्याच्या हाडावर बसली की वरच्यावरच विस्कटायची. आपल्या इनामदाराची फारच खोल गेली होती, ह्याची खोल जाणारच नाही. हरणाच्या नशिबी तेच. मी नुसतं "फुटतात होय," म्हटलं, तसा तो हळूच म्हणाला, "अज्जी, तुला आवडत नाहीये ना हे? तू नको म्हणालीस तर मी नाही जाणार. खरंच."

काय सांगू तुम्हाला. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द ओठापर्यंत आला होता, तुम्ही त्या दिवशी इनामदारांना म्हणालात तोच, ‘ब्याड’. पण मला दिसत होतं, ह्या वर्षी माझ्यासाठी थांबेल, पुढच्या वर्षी न विचारता जाईल, आणि जाताना हेच खोकं नेईल. आणि मी इथं लिंगाला हात लावून पुण्यवान.

मग बसले स्टुलावर आणि सगळं सांगितलं. ती हलकी घरीच ठेव. त्याच मापात जड गोळीचं घे, मऊ नाकाचं, कवच शेवटपर्यंत शिशाला धरून ठेवील असं, हरणासाठी म्हणूनच केलेलं. खोक्यावरच्या शिंगांच्या चित्राला भुलू नकोस, खालची बारीक अक्षरं वाच. एकाच खेपेचे दोन डबे घे. एक निशाणाच्या कागदावर झाडून संपव. तुझ्या रिव्हॉल्वरला ते मानवलं, तर दुसरा घेऊन जा. जनावर आडवं, कूस तुझ्याकडं करून उभं राहीपर्यंत हात उचलू नकोस. तो ‘हं, हं’ करत होता. मध्येच म्हणाला, "वेट अज्जी, लिहून घेतो." इतकं लक्ष देऊन माझं बोलणं त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं.

"आणि किती लांबून?"

"ते कागदच सांगेल. जिथून सगळ्या गोळ्या पुरीएवढ्या जागेत बसतात, तेवढंच तुझं अंतर. त्याच्या पलीकडं उभं राहील ते हरीण तुझं नव्हे. माझे अप्पा सांगायचे."

"पुरी? पाणीपुरीची?"

"श्रीखंडाबरोबर असते ती रे."

तो हसला. "अज्जी, मला नीट जमायला लागलेलं नाही अजून. पुरी म्हणजे अगदी जवळ जावं लागेल. तेवढ्यात ते पळून जाईल ना!"

"जाईना का. मग मला फोन कर आणि पळून गेलं म्हणून सांग."

"आणि गोळी मिळाली तर तिचा फोटो पाठवू?"

"धुऊन पाठव," मी म्हटलं.

हे सगळं लिहिलं, पण पाकीट कुठलं आणि पत्ता कुठला. घडी घालून उशाखाली ठेवीन. एक मात्र तुम्हाला सांगायला हवं, कारण तुमच्या नावावर खपवलंय. तुम्ही पुरी कधीच म्हणाला नव्हता, अप्पा. तुम्ही भाकरी म्हणायचात.