घर कोणी जाळलं

कोझी यार, ६ जून १९८३

ती. याव्दोखामावशीस,
उस्तीनाचा शि. सा. न. वि. वि.

तू दिलेला सालो, चरबीचा तो अख्खा खारवलेला तुकडा, तंबूतल्या मंडळींनी दोन दिवसांत फस्त केला. मला मिठाचे खडे मिळाले.

आमच्या उत्खननातलं जळकं घर अखेर पूर्ण उघडं झालं. सहा हजार वर्षांपूर्वीचं, कुडाचं, थेट तुझ्या घरासारखं. भिंती भाजून विटेसारख्या लाल झाल्यात. आमचे प्रमुख पिलिप सावोविच म्हणतात, शत्रूने हल्ला करून जाळलं. सप्टेंबरात अहवाल जाणार आणि त्यावर पहिल्यांदाच माझं नाव असणार. खूश असायला हवं, पण चैन पडत नाही. जमिनीवर सारवणाचे अकरा थर आहेत आणि सगळ्यात वरचा कोरा करकरीत. चुलीतली राख काढलेली. माणसाचं एक हाड नाही. मी हे बोलले तर ते म्हणाले, योगायोग. तू जन्मभर जमीन सारवलीस. सारवण झिजायला किती दिवस लागतात? आणि आगीत कुड असा लाल होतो का?

ओस्तापदादा तुला त्याच्याकडे चेर्कासी शहरात न्यायचं म्हणतो, ते खरं का?

माझ्यावरचा लोभ आणि ओरडा, दोन्ही चालू ठेव.
तुझी उस्तीना

स्तारी ब्रिद, १५ जून

चि. उस्तीना हिस अ. उ. आ.

तुझ्या पिलिप सावोविचांनी आयुष्यात सारवणाला हात लावलेला दिसत नाही. नव्या सारवणाला उंबऱ्याशी आठवड्यात चट्टा पडतो, घरात पोरं असली तर तीन दिवसांत. तुमच्या त्या घरच्या बाईने सारवल्यावर घरात कोणी चाललेलंच नाही, हे मी इथे बसून सांगते. आगीचं म्हणशील तर शेजारच्या ह्नातचं घर गेलं तेव्हा छप्पर अर्ध्या तासात खलास झालं, भिंती नुसत्या काळ्या पडल्या आणि पुढच्या पावसात विरघळल्या. तुझ्या काकांच्या मडक्यांच्या भट्टीला किती लाकूड लागायचं, ते तूच वाहिलंयस. भिंत लाल करायची तर घर आढ्यापर्यंत लाकडाने भरायला हवं. हल्ला करणाऱ्याला एवढी सवड असते होय?

ओस्तापचं खरं आहे. चौथ्या मजल्यावर जागा मिळालीय, सप्टेंबरच्या आत जायचं. हे घर घ्यायला कोणी नाही. सामुदायिक शेतीवाले ते ट्रॅक्टरने पाडून यंत्रांची शेड बांधणार आहेत. मी त्याचा विचार करत नाही, बटाट्यांवरचे किडे वेचत बसते.

डोक्यावर रुमाल बांधत जा. आठवण काढत असते.
तुझी मावशी

कोझी यार, २ जुलै

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. पिलिप सावोविच पोट धरून हसले आणि म्हणाले, मावशीचा शब्द अहवालात घालता येत नाही, करून दाखवा. तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट फिरतेय. हे पत्र दोनदा फाडलं.

तुझं घर पाडणारच आहेत. तर ते आम्हाला जाळू देशील का? लाकूड भरून, नीट, सगळ्या नोंदी घेऊन. लिहिताना माझीच मला लाज वाटतेय.

नाही म्हणालीस तरी माया तेवढीच राहू दे.
उस्तीना

स्तारी ब्रिद, ११ जुलै

उस्तीना,

आशीर्वाद आज हाताला येत नाही, मागाहून पाठवीन.

त्या भिंतींचा चिखल काकांनी पायांनी तुडवला. तुझी आई गेली त्या हिवाळ्यात तू आमच्या चुलीच्या कट्ट्यावर झोपलीस, उबेला. ती चूल तुला नोंदीसाठी हवी? हेच शिकायला गेलीस का तिकडे? पुन्हा हा विषय काढू नकोस.
याव्दोखा

स्तारी ब्रिद, ३ ऑगस्ट

चि. उस्तीना हिस अ. उ. आ., मागचा राहिलेला धरून.

तू माफी मागितलेली दोन्ही पत्रं मिळाली. एका जागी बसवत नाही. शेंगा सोलायला घेते आणि टाकून उठते.

सोमवारी ह्नातच्या बहिणीचं घर पाडलं. ट्रॅक्टरने एक धक्का दिला आणि चूल रस्त्यावर आली, तिने रंगवलेल्या निळ्या फुलांसकट. बाया उभ्या राहून बघत होत्या, कोंबड्या आत शिरून उकरत होत्या. तिची न्हाणीसुद्धा साऱ्या गावाला दिसली. ड्रायव्हर माझ्याकडे पाणी प्यायला आला आणि पिता पिता माझ्या भिंती डोळ्यांनी मोजत होता. मी त्याला हाकलला.

त्यापेक्षा तुम्हीच जाळा. चौदाला या. ग्रामप्रमुखाशी बोलले आहे, बंब उभा राहील. आज मी जमीन सारवली आणि चुलीला पांढरी दिली. घर पारोसं कसं द्यायचं? आता आत कोणी जायचं नाही, तुझे ते मोठे साहेबसुद्धा नाहीत. लाकूड खिडकीतून भरा. मी गोठ्यात झोपते.

वाट बघते. येताना रडत येऊ नकोस.
तुझी मावशी

कोझी यार, २० ऑगस्ट

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

दुपारभर, आग विझेपर्यंत तू उभी राहिलीस, मग ओस्तापच्या गाडीत बसलीस ती मागे वळून न बघता, म्हणून पुढचं लिहिते. तिसऱ्या दिवशी राख उचलली तर भिंती लाल, जमीनही लाल आणि सारवणावर तुझ्या बोटांच्या कमानी तशाच्या तशा. आमच्या खड्ड्यातल्या जमिनीवरही तशाच कमानी आहेत. दोन महिने त्यांना मी पाण्याचे ओघळ समजत होते. मावशी, मी तिथेच बसून खूप रडले.

चौदाला सकाळी पिलिप सावोविच दारात पोचले आणि आतली जमीन बघून त्यांनी बूट काढले, आत जायचं नव्हतं तरी. काल त्यांनी अहवालातला शत्रू खोडला. आता कोणी जाळलं, ती जागा कोरी आहे. म्हणाले, मावशींना विचार. म्हणून विचारते.

रागावली असलीस तर तसंच लिही, पण लिही.
उस्तीना

चेर्कासी, ३० ऑगस्ट

चि. उस्तीना हिस अ. उ. आ.

इथे जमीन लाकडी आहे, पुसली की झालं. दहा मिनिटांत काम संपतं, मग मी खिडकीशी जाते, परत येते. ओस्ताप म्हणतो, आई, बस की जरा.

रागावलेली नाही. लिही की, जाळणारे घरचेच होते. कोणी पळालं नाही, सगळे शेवटपर्यंत उभे होते. आणि त्यानंतर त्या बाईला कित्येक दिवस घास गिळवला नाही. हे कागदावर घालता येत नसलं, तर निदान तुझ्या साहेबांना सांग.

पत्र टाकत जा, इथे दाराशी दुसरं कोणी येत नाही.
तुझी मावशी