माहेरची विहीर पास झाली

ता. ९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. बाकी खुशाली खाली येतेच आहे.

आधी चांगली बातमी. आपल्या विहिरीच्या पाण्याच्या तपासणीचा निकाल आला. पाणी स्वच्छ आहे, पिण्यालायक आहे. खरं सांगते, मी मनातून धास्तावले होते. इकडे बहुतेक घरच्या विहिरी नापास होताहेत, आणि आपली काही आभाळातून पडलेली नाही. पण पास झाली. आता शहरातून पाण्याचे कॅन वाहणं बंद कर. मी आले होते तेव्हा कंबर धरून असा कण्हत होतास की बाळंतपण तुझंच झालंय असं वाटावं. छकुलीच्या बाटलीचं दूध विहिरीच्या पाण्यात कालवायलाही हरकत नाही. हे मी आत्या म्हणून नाही, तपासनीस म्हणून लिहिते आहे. तुझ्या बायकोला हे पत्र दाखव.

माझं म्हणशील तर पायांचे तुकडे पडलेत. बाटल्यांची पेटी घेऊन दारोदार हिंडायचं आणि लोकांना त्यांच्याच घरचं पाणी वाईट आहे असं सांगायचं, याला कोण चहा पाजणार? सरकारी नळाचं पाणी बिघडलं तर लोक सरकारला शिव्या देतात, स्वतःच्या विहिरीचं बिघडलं तर मला. काल एक आजोबा म्हणाले की त्यांचे वडील हेच पाणी पिऊन नव्वदीला पोचले. मी विचारलं, त्यांची भावंडं किती, आणि मोठी झाली किती. मग म्हाताऱ्याने स्वतःच मला बसायला खुर्ची दिली. तपासणीआधी विहिरीत काही औषध टाकलंय का, हेही प्रत्येक दारात विचारावं लागतं, कारण औषध टाकलेलं पाणी काही दिवस खोटंच शहाणं वागतं. त्या प्रश्नावर लोक असे बघतात की जणू मी त्यांना चोर म्हटलं.

आपल्याकडे निदान बसून जेवता आलं. आईने तर विहिरीचा कठडासुद्धा घासून ठेवला होता. तिला म्हणावं, लेक आली होती, मंत्री नव्हे.

लोभ आहेच, थोडा वाढला तरी मला जड होणार नाही.
तुझी,
ताई

ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि रिकामे कॅन त्याच दिवशी माळ्यावर टाकले. कंबर सुधारली. मात्र आता कुठलंही काम सांगितलं की कंबरेचं कारण चालत नाही, एवढा तोटा झाला. दुकानात जळालेल्या पंपांच्या मोटारींना तार गुंडाळायचं काम खूप आहे, हात काळे ते काळेच.

आईची ऐट तू पाहायला हवी होतीस. येईल त्याला तुझं पत्र वाचून दाखवते. समोरचा शिंपी त्याच्या विहिरीचं पाणी सोडून आता आपल्याकडून घागरी नेतो. ताईंनी स्वतः पास केलेली विहीर आहे, असं तो गिऱ्हाइकांनाही सांगतो म्हणे. आईने छकुलीची सगळी लंगोटं-दुपटी धुवायचं काम स्वतःकडे घेतलंय. सकाळपासून विहिरीजवळच्या दगडावर तिची धोपटणी चालू असते. सुनेला तेवढाच आराम.

छकुलीला कालपासून पातळ होतंय. आई म्हणते दात येताहेत. बायको म्हणते डॉक्टरला दाखवू. मी मध्ये, नेहमीसारखा. दोन दिवस वाट बघून जाऊ.

तू पायांना शेक देत जा. लोभ ठेव, उपदेश थोडा कमी ठेवलास तरी चालेल.
तुझा,
धाकटा

ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार.

हे दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. बसच्या कंडक्टरच्या हाती देईन म्हणजे लवकर पोचेल.

छकुलीला दाखल केलंय. अंगातलं सगळं पाणी गेलं. डोळे खोल गेलेत, रडते पण आवाज फुटत नाही. हाताची शीर सापडली नाही म्हणून पायाला सलाईन लावलंय. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, दूध कुठल्या पाण्यात कालवता? मी छाती पुढे काढून म्हणालो, घरच्या विहिरीच्या, माझ्या बहिणीने तपासलेल्या. ते पाणी बंद करा, एवढंच ते म्हणाले.

बायको माझ्याशी बोलत नाही. फक्त एकदा म्हणाली, तुमच्या ताईंनी लिहून दिलं होतं ना. मला त्यावर उत्तर सुचलं नाही. तुला सुचत असेल तर कळव. मी शहरातून पाणी वाहत होतो, माझी कंबर गेली असती तर गेली असती. तुझ्या शब्दावर मी कॅन माळ्यावर टाकले, ताई.

आज लोभाचं काही लिहवत नाही.
धाकटा

ता. १२ फेब्रुवारी

चि. मोठीस,
अनेक आशीर्वाद. जेवतेस ना वेळेवर?

धाकट्याने रागाच्या भरात तुला काहीबाही लिहिलं असेल. मनाला लावून घेऊ नकोस, बाप झालाय, घाबरलाय. डॉक्टर म्हणतात आणखी दोन दिवस काढले तर पोर हाताला लागेल. मला आत बसू देत नाहीत. मी घरी बसून काय करणार, तिचे कपडे धुतेय आणि वाळवतेय.

पाण्याचं खूळ त्याच्या डोक्यात कुणी भरलं कोण जाणे. त्या पाण्यात खोट काढायला जागाच नव्हती. तू यायच्या आधीच्या आठवड्यात मी ब्लीचिंग पावडर आणून विहिरीत ओतली होती, आणि वास जाईपर्यंत बादल्या उपसून टाकल्या. खांदे भरून आले होते, पण तुला कळूसुद्धा दिलं नाही. तू चार घरचं पाणी नापास करत हिंडतेस. तुझ्याच माहेरचं नापास निघालं असतं तर लोक तुझ्या तोंडावर हसले असते. नंतर मात्र पावडर टाकली नाही. बाळाच्या दुधाला वास यायला नको.

तेव्हा पाणी नव्हे, दातच आहेत. तू काळजी करू नकोस, जीव लाव तेवढा स्वतःलाही लाव.
तुझी,
आई

ता. १५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., आणि छकुलीला सगळ्यात जास्त.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आईच्या पत्रात सापडलं. मी यायच्या आधी तिने विहिरीत पावडर टाकली होती. मी तपासलं ते धुतलेलं पाणी. पावडरीचा जोर ओसरला आणि विहीर पुन्हा होती तशी झाली, त्यात तू माझ्या सांगण्यावरून कॅन बंद केलेस.

मी आईवर खूप चिडले. दोन कागद फाडले. मग लक्षात आलं की जो प्रश्न मी प्रत्येक दारात विचारते, शिव्या खाऊन विचारते, तो आपल्या दारात विचारलाच नाही. आईला काय विचारायचं, असं वाटलं. घासलेला कठडा डोळ्यांनी पाहिला आणि त्याचं कौतुक करून ताटावर बसले. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, ती खोटं बोलत नाही. बायकोला सांग, ताईंना उत्तर सुचलं आणि ते हे आहे. ती माझ्याशी बोलणार नाही म्हणाली तरी मी समजून घेईन.

आता नीट वाच. विहिरीचं पाणी पिऊ नका. उपायच नसेल तर खळाखळा उकळून गार करून घ्या, बाटलीही उकळा. शिंप्याकडे आजच जा आणि माझं नाव घेऊन सांग की मी चुकले. त्याच्या घरीही लहान मूल आहे. कठड्याखालचा ओटा धुण्याच्या दगडापाशी फुटलाय, ते मी पाहिलं होतं आणि नंतर सांगू म्हणून सोडलं. लंगोटांचं पाणी त्या फटीतून सरळ विहिरीत परत जातंय. दगड तिथून हलव, ओटा नव्याने बांध, वर झाकण कर. तोवर कितीही पावडर ओतली तरी ते वरवरचंच.

आईला यातलं लंगोटांचं बोलू नकोस. शनिवारी येऊन मी सांगते. कसं सांगायचं ते मला अजून माहीत नाही. थकले आहे रे, खूप.

रागासकट लोभ असू दे.
ताई

ता. ३ मार्च

चि. मोठीस,
आशीर्वाद. पोर घरी आली, हे आधी.

काटकुळी झालीय, पण काल ओरडून रडली. आम्ही सगळे कामं टाकून ऐकत उभे राहिलो. धाकट्याने डोळे पुसले आणि धुराचं निमित्त सांगितलं, चूल कुठे पेटलेली नव्हती.

तू शनिवारी ओट्यावर माझ्याशेजारी बसून सगळं सांगितलंस. मी एक शब्द बोलले नाही, म्हणून तुला वाटलं असेल की आई रुसली. रुसले नव्हते गं. माझ्या हातांकडे बघत होते. इतकं प्रेमाने धुतलं मी, आणि ते तिच्याच पोटात गेलं. हे कुणाजवळ बोलायचं? सूनबाई वाईट बोलत नाही, पण बाटली माझ्या हातात देत नाही. मी मागतही नाही. तिच्या जागी मी असते तर मीही दिली नसती.

शिंप्याकडे मीच गेले. धाकटा निघाला होता, त्याला म्हटलं बस. ताईने चुकीचं सांगितलं असं तो म्हणणार होता, तू तसंच लिहिलं होतंस म्हणे. मी शिंप्याच्या बायकोला सांगितलं की माझ्या लेकीची चूक नाही, मी तिला फसवलं. ती बिचारी मशीन थांबवून बघत राहिली. त्यांचं मूल ठीक आहे, देवाची कृपा. शिंपी नंतर स्वतःच येऊन म्हणाला की त्याच्या विहिरीचा ओटाही तू बघून जावास.

दगड हलवलाय, पार परसाच्या टोकाला. ओट्याचं सिमेंट अजून ओलं आहे. पाणी उकळायचं काम मी घेतलंय. सूनबाई येऊन भांड्यात डोकावते, उकळलंय का बघते आणि जाते. बघू दे.

तुला एक सांगायचं आहे. लग्न होऊन गेलीस तेव्हापासून तू येणार म्हटलं की मी घर आवरत आले. चादरी बदलायच्या, दुखणं लपवायचं, धाकट्याला तू आहेस तोवर भांडू नकोस म्हणायचं. लेक थकून येते, तिला सगळं चांगलं दिसावं, एवढंच मनात असायचं. विहीरही त्यातच आवरली गेली.

ओटा वाळला की पाणी तपासायला ये. पण कधी येणार ते लिहू नकोस. अशीच ये.

तुझी वाट बघणारी,
आई