जवाईबापूंचं गोचिडीवरचं औषध

तेल्हारा तालुक्यातून,
सप्टेंबर २००७

आमच्या घराचे एकुलते एक जवाईबापू, अमरावतीच्या पशुसंवर्धनाच्या मोठ्या कचेरीतल्या मधल्या टेबलाचे धनी श्रीयुत धर्मेंद्रराव यांना त्यांचा मेहुणा धर्मपाल याचा आदरपूर्वक जयभीम.

तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालतो. विचारायला फोन केला होता, पण तुमचा मोबाईल नुसता वाजतो आणि मग एक बाई सांगते की आपण प्रतिसाद देत नाही. (हे आम्हाला त्या बाईच्या आधी कळलं होतं.) आमच्या बहिणीला, ज्योत्स्नाला, आमची आठवण सांगावी. इकडे आई ठणठणीत आहे, जरा जास्तच. पत्राला तसं काही खास कारण नाही. पण तुम्ही कचेरीत आमच्या गायीची हकीकत वेगळीच सांगता असं कानावर आलं. माणूस कामाच्या गडबडीत असला की क्रम चुकतो, म्हणून जे घडलं ते नीट लिहून कळवतो.

आमच्या दारात ती गाय आली ती तुमच्या कृपेने, हे आधी कबूल करतो. कापसाने वऱ्हाडाचं भलं होत नाही, तेव्हा आता दुधाने करू, असं वर कोणाच्या तरी मनात आलं आणि परमुलखातल्या गायी ट्रक भरभरून आमच्याकडे उतरल्या. त्यातली एक आपल्या सासरी जावी म्हणून तुम्ही धडपड केली. काळीपांढरी, भरल्या अंगाची गाय ती. ट्रकमधून उतरली ती आमच्या वाळक्या कडब्याकडे असं पाहत की आईने लगेच तिचं नाव मॅडम ठेवलं. मॅडमला हिरवा चारा हवा, वारा हवा, दुपारी अंगावर पाणी हवं. आमच्या घरात हे सगळं आजवर फक्त तुम्हालाच मिळत होतं, तेही दिवाळीला आलात तर. पण आईला लळा लागला. सुनेशी बोलत नाही एवढं ती मॅडमशी बोलायची.

पावसाळा लागला आणि गोचीड आली. आमच्या गावरान गायींचं कातडं ताडपत्रीसारखं, त्यांच्यावर गोचीड बसली तरी फार दिवस टिकत नाही. मॅडमची कातडी मऊ, तिथे तिने पाहुण्यासारखा मुक्कामच ठोकला. कानात, शेपटीखाली, कासेवर, जिथे पाहावं तिथे एरंडीच्या बियांसारख्या फुगलेल्या. (गुरांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात हा किडा नव्हेच, किड्याला सहा पाय, हिला आठ. आईने मोजायला साफ नकार दिला.) आई रोज हाताने वेचून रॉकेलच्या डब्यात टाकायची, पण सकाळी पुन्हा तेवढ्याच. दूध आटत चाललं, मॅडम मान खाली घालून उभी राहायला लागली. म्हणून मी तुम्हाला फोन केला. तेव्हा तुम्ही उचलायचे.

तुमचा पहिला सल्ला होता गायीच्या कोठ्यात कडुनिंबाचा धूर करायचा. केला. धुराने आमचे डोळे गेले, शेजारचे पंजाबराव आग लागली म्हणून बादली घेऊन धावत आले आणि ती त्यांनी माझ्यावर ओतली, आणि मॅडम दावं तोडून सरळ ग्रामपंचायतीच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली. गोचिडी जागेवरच होत्या. त्यांना बहुतेक सहल आवडली असावी.

मग तुमचा दुसरा सल्ला. तो मी तुमच्याच शब्दांत लिहितो, कारण तो ऐकायला मी फोनचा आवाज मोठा केला होता आणि आई शेजारी बसली होती. तुम्ही म्हणाला होता, "धर्मपालभाऊ, कपाशीवर मारता तेच मारा. बोंडअळी मरते तं गोचीड कोणती मोठी लागून गेली?" आई म्हणाली, फवारल्यावर आपण शेतात दोन दिवस बकरी जाऊ देत नाही, आणि हे गायीच्या अंगावर कसं मारायचं. मी म्हटलं, जवाई सरकारी कचेरीत आहेत, त्यांना माहीत असेल. (यात माझाही मूर्खपणा आहे, पण तो खालच्या दर्जाचा. मूळ मूर्खपणा वरून मंजूर होऊन आला होता.) पाठीवरचा पंप भरला आणि मॅडमला शिंगापासून खुरापर्यंत भिजवलं.

मॅडम स्वच्छतेची मोठी भोक्ती. तिने लगेच स्वतःला चाटायला घेतलं. थोड्या वेळाने तोंडाला फेस आला, डोळ्यांतून पाणी, मांड्या थरथर कापायला लागल्या आणि ती भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली, नंतर आडवी झाली. श्वास भात्यासारखा. वासरू दाव्याला ओढ देऊन हंबरत होतं.  आईने मला बाजूला लोटलं आणि साबणाच्या पाण्याने गाय धुवायला बसली, लेकराला धुवावं तशी, लुगडं चिखलात भिजलं तरी. पंजाबराव मोटारसायकलवर तेल्हाऱ्याला गेले ते डॉक्टरीणबाईंना घेऊनच आले.

डॉक्टर नगमाबाई तुम्हाला ठाऊक आहेत. आमच्या भागातल्या गुरांच्या दवाखान्यात त्या एकट्याच, आणि गाडी त्यांची स्वतःची. आल्याबरोबर त्यांनी मॅडमच्या अंगाचा वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, काही नाही, जरा गोचिडीचं औषध. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "खरं सांगा काका, काय मारलं? मले इंजेक्शन ठरवाचं हाये." मी डबा दाखवला. त्यांनी सुई भरता भरताच मला विचारलं, कोणी सांगितलं. जवाईबापू, तुमचं नाव माझ्या ओठावर आलं होतं, पण घरची अब्रू म्हणून गिळलं. आईने मात्र सांगून टाकलं.

इंजेक्शनं एकामागून एक चालली. बाई गायीच्या डोळ्यात पाहायच्या, छातीवर कान लावायच्या, पुन्हा सुई भरायच्या. ऊन उतरलं तेव्हा मॅडमने मान उचलली आणि आईच्या हाताला जीभ लावली. आई तोंड पदरात घालून कोठ्याच्या मागे गेली आणि बऱ्याच वेळाने परत आली. बाईंनी वासराला कासेला लावू नका म्हणून बजावलं, दूध सांगेपर्यंत ओतून द्यायला लावलं, आणि मग कोठ्याच्या भिंतीतल्या भेगांत बॅटरी मारली. जवाईबापू, त्या भेगांमध्ये जे दिसलं ते तुमच्या टेबलावरून दिसणारं नाही. गोचीड गायीवर फक्त जेवायला येते. पोट भरलं की खाली पडते, भेगेत शिरते आणि तिथे हजारोंनी अंडी घालते. आम्ही जेवणाऱ्यांना मारत होतो, घर तसंच राहिलं होतं. मग आम्ही भेगा बुजवल्या, भिंतींना चुना दिला, जुनं गवत-शेण जाळलं, बाईंनी पदरच्या पैशाने आणून, मापून दिलेलं जनावराचं औषध केसांच्या उलट्या दिशेने चोळलं, सुकेपर्यंत मॅडमच्या तोंडाला, तिने चाटू नये म्हणून, जाळीचं मुंगसं बांधलं, आणि पंधरवड्याने पुन्हा सगळं केलं. पंजाबरावांनी मात्र साफ सांगितलं की त्यांच्या बैलांना गोचीड नाही. (ती फक्त त्यांच्या धोतराला होती.)

तर मॅडम वाचली, आणि हे कळताच तुम्ही अमरावतीहून फोन केलात. तुमच्या साहेबांना यशोगाथा हवी होती. गोचीड निर्मूलन मेळावा आमच्याच अंगणात ठरला. फलकावर डोंगर, हिरवळ आणि एक गोरीगोमटी परदेशी गाय छापली होती, आणि तिच्याखाली आमची मॅडम गोणपाट पांघरून उभी केली होती. सतरंज्या तुम्ही पंजाबरावांच्या कोठ्यातून आणवल्या. मी नको म्हणालो होतो, पण तुम्हाला घाई होती.

तुमचं भाषण फार सुंदर झालं, हे मनापासून लिहितो. वैज्ञानिक दृष्टी, वेळेवर मार्गदर्शन, फोनवरून वाचवलेली गाय. डॉक्टरीणबाई मागच्या रांगेत बसल्या होत्या, त्यांचं नाव तुमच्या कागदात नव्हतं. आणि तुम्ही हात उंचावून म्हणालात की या गावात आता औषधालाही गोचीड सापडायची नाही, तेव्हा तुमच्या पांढऱ्या कॉलरवरून एक चांगली गोल, भरलेली गोचीड मानेकडे निघाली होती. साहेबांना दिसली. सगळ्यांना दिसली. आई लग्नापासून तुमच्यासमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, पण ती उठली, मंचावर चढली, म्हणाली, "जवाईबापू, हालू नोका," आणि चिमटीत धरून ती काढली. माईक चालू होता. मग ती गोचीड साहेबांना दाखवत आई म्हणाली, "जवाईबापूचं औषध लय जालीम हाये साहेब. माही गाय आडवी झाली, वासराचं दूध तुटलं, माह्या पोराची अक्कल गेली. निस्ती गोचीडच तेवढी मेली नाई. गाय वाचवली ते पोरगी तिकडं मागं बसली हाये."

साहेबांनी बाईंना पुढे बोलावून विचारलं. बाईंनी साधं सांगितलं की दवाखान्यात गोचिडीचं औषध पावसाळ्याआधीपासून आलेलं नाही, मागणी तीनदा अमरावतीला गेली आहे, म्हणून लोक कपाशीचा डबा उघडतात. साहेबांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही फलकाकडे पाहिलं. नंतर साहेब रोडगे आणि वांग्याची भाजी पोटभर जेवले, तुम्ही मात्र ताटावर न बसता जीपमध्ये जाऊन बसलात. सासरी आलेला जवाई उपाशी गेला, याचं गावाला अजून वाईट वाटतं. तुमच्या वाटचे रोडगे पंजाबरावांनी खाल्ले.

असं सगळं घडलं. आता कचेरीत सांगताना क्रम चुकणार नाही. मोठ्यांना नमस्कार, पोरांना पापा, आणि तुमच्या मानेची काळजी घ्यावी.

आपला,
धर्मपाल

ता. क. लिहायचं राहिलं. डॉक्टर नगमाबाईंची बदली मेळघाटात, पार धारणीपलीकडे, झाल्याचा कागद आला आहे. मेळाव्यानंतर आठवड्यात. त्यांच्या जागी कोणीच येणार नाही. तो कागद तुमच्याच टेबलावरून निघाला असं कळलं. गुरांच्या तोंडखुरीच्या साथीचे दिवस पुढे आहेत, आणि गावात गायी बऱ्याच आहेत, सगळ्या तुम्हीच पाठवलेल्या. कागद जसा निघाला तसा माघारी घेता येतो, एवढं मला बारावीपर्यंत शिकून कळतं.

ता. क. २. हे पत्र पोस्टाने पाठवलेलं नाही. आई म्हणाली, माह्या तोंडानं झालं, मीच जातो. सकाळच्या एसटीने ती निघते आहे. म्हणजे तुम्ही हे वाचत असाल तेव्हा ती तुमच्या टेबलासमोर उभी आहे. खुर्ची द्यावी, पण ती बसायची नाही.

ता. क. ३. आईला वाचता येत नाही. पत्रात काय लिहिलं म्हणून तिने विचारलं, तेव्हा मी सांगितलं की जवाईबापूंची हात जोडून माफी मागितली आहे. तेव्हा कृपा करून वाचताना चेहरा तसा ठेवावा.