सपाट बूड की निमुळतं बूड

ती. शैलाताईस,

संदेशचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, भावजींची साखर आणि ओवीची परीक्षा ही तिन्ही ठिकाणावर असतील असं धरून चालतो. इकडे आई ठणठणीत आहे, मी नाही. फोनवरच सांगितलं असतं, पण तू मधेच हसतेस आणि माझा धागा तुटतो, म्हणून लिहून कळवतो.

पवनेचं धरण झालं तेव्हा आपलं भाताचं वावर पाण्यापलीकडे राहिलं आणि आईचा अर्धा जीवही तिकडेच राहिला, हे तुला सांगायला नको. गेणूभाऊंच्या लोखंडी होडीचं बूड गंजून गेल्यापासून पलीकडे जायचं तर धरणाला वळसा घालून गाडीने तास-दीड तास. श्रावणात मी शहरातून गावी आलो तेव्हा आईने जाहीर केलं की होडी आण, नाहीतर मी ड्रमला दोरी बांधून जाते. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पोहता येत नाही, आणि बोलली की करते. (विहिरीत पडलेली कळशी काढायला स्वतः उतरली होती, आठवतं ना?) मी छोटी मोटरबोट घ्यायचं त्याच दिवशी ठरवून टाकलं.

कंपनीच्या खरेदी विभागात मी बावीस वर्षं काढली, त्यामुळे दोन होड्यांतून एक निवडणं म्हणजे डाव्या हातचा मळ वाटला. एक लोणावळ्याच्या प्रज्ञेशची, फायबरची, बूड नांगराच्या फाळासारखं निमुळतं. दुसरी कार्ल्याच्या भिमाजीची, पत्र्याची, बूड परातीसारखं सपाट. प्रज्ञेश म्हणतो, निमुळतं बूड लाटा कापतं. भिमाजी म्हणतो, सपाट बुडाची होडी डुलत नाही. दोघंही खरं बोलतात, हीच पंचाईत. एकाने तरी थाप मारली असती तर मी सुटलो असतो.

शेवटी दोन्ही होड्या टेम्पोतून आणून अंगणात ठेवल्या, आणि आईने बाजारात बैल बघतात तशी त्यांची तपासणी केली. चहूबाजूंनी फिरली, पोटावर थापा मारल्या, मग जमलेल्या सगळ्यांना आत बसवलं. कोरड्या जमिनीवर, ताई! निमुळत्या बुडाची अर्थातच कलंडली आणि माजी सरपंच विठ्ठलतात्या शेणाच्या पाटीत गेले. सपाट होडी ढिम्म हलली नाही. गावाने ती एकमताने पास केली. होडी पाण्यात चालवायची असते असं मी घसा फोडून सांगत होतो, तर सरूमावशी मला समजावतात, “जमिनीव न्हाई टिकली ती पान्यात काय टिकंल?”

पुढच्या रविवारी पाण्यात नेल्या, तर निकाल उलटा. दुपारचा वारा सुटला तशी सपाट होडी लाटांवर आपटत निघाली आणि माझे मणके खिळखिळे झाले. निमुळती झोकात गेली, पण पलीकडच्या काठाला पाणी उथळ, तिथे ती रुतली, आणि मला (ऑफिसच्या पँटीत) कमरेएवढ्या गाळात उतरावं लागलं. तिथे आईला कशी उतरवू? म्हणजे एकीत जाताना हाल, दुसरीत पोचल्यावर हाल. मग दर रविवारी गावी येऊन पोती भरून पुन्हा, माणसं बदलून पुन्हा. निर्णय जवळ आला की आईच नवी शंका काढते आणि गेणूभाऊ गंभीर चेहऱ्याने मान डोलावतात. इकडे भात पिवळं पडलंय आणि मला जिकडेतिकडे बुडंच दिसतात.

तू थोरली, आई तुझं ऐकते. कुठली घ्यायची ते तूच सांग, मी डोळे मिटून घेईन.

तुझा पुरता गोंधळलेला भाऊ,
संदेश

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात गेणूभाऊ आले. कापणी कधी, असं सहज विचारलं तर म्हणाले परवा. पलीकडचं वावर आईने दोन वर्षांपूर्वीच त्यांना वाट्याने दिलंय, आणि ते फटफटीवर वळसा घालून जातात. आई तिकडे पाऊलही टाकत नाही! मी तणतणत तिच्यापुढे उभा राहिलो. ती घेवडा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “गेल्या साली दोनदा आलतास. होडीपायी दर ऐतवारी येतूस.” मला फार लाज वाटली, ताई. तिच्या शेजारी घेवडा निवडत बसलो.

ता. क. दुसरा. वर मागितलेला सल्ला देऊ नकोस. उलट आईला फोन करून सांग की दोन्ही होड्या भिकार आहेत, बुडाचा तिसरा प्रकारही असतो म्हणे, तो बघायला हवा. आणि तो बघायला दिवाळीत तूही ये, चांगले आठ-दहा दिवस काढून. एका दिवसात होडी ठरत नाही.