घरात आभार मानत नाहीत

आये, आज सुट्टी होती म्हणून भाकऱ्या मीच थापल्या. तुझ्यासारख्या कडेपर्यंत सारख्या नाहीत, पण फुगल्या, आणि जवळ्याची चटणी अशी जमली की शेजारची काकी वासावर दारात आली. तुला जाऊन सात वर्षं झाली, एवढं तरी यायलाच हवं. जेवता जेवता तुझी ती डेन्मार्कची पोरगी आठवली. 'तुझी' मुद्दाम म्हणतोय. तेव्हा मी तिला माझी समजत होतो.

कुठल्याशा संस्थेने तिला दोन वर्षांसाठी बारवी धरणाकडच्या ठाकरवाड्यांवर पाठवलेलं, आणि राहायला कुळगावातली आपली मागची खोली. वाडीवरच्या पोरांची वजनं करायची, त्यांच्या आयांशी बोलायचं. तिचं मराठी पुस्तकातलं, वाडीवरचं तिला कळेना, म्हणून मी मध्ये उभा राहून सांगायला लागलो. आधी रविवारी, मग सोमवारीही. बी.कॉम.चं दुसरं वर्ष असंच गेलं, ते परत आलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. आनंदनगरच्या कंपनीत मशीन चालवतो, कुणाचं ऐकून घेत नाही, बरं चाललंय.

आपल्या रोजच्या जगण्यातलं मला कधी दिसलंच नव्हतं ते तिला दिसायचं. पहिल्याच आठवड्यात दुपारी तिने खोलीचं दार लावून घेतलं. थोड्या वेळात आळीतल्या बायका अंगणात हजर. "काय गो, पोरीला ताप आला?" "का सासूशी भांडली?" सासू म्हणजे तू! मी आतल्या आत लाल. तिला सांगितलं, आमच्याकडे दिवसा दार लागलं की घरात कुणीतरी आजारी असतं, नाहीतर रुसलेलं. ती हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून दार उघडं टाकून रस्त्याकडे पाठ करून बसायला लागली. म्हणाली, "ही पाठ म्हणजे माझं दार." मग कुणी आलं की तूच अंगणातून परतवायचीस, "आता नको गो, तिचं दार लागलंय."

आणि ते आभार! भाकरी वाढली, आभारी आहे. पाणी दिलं, आभारी आहे. एके दिवशी पिठाचा हात तसाच धरून तू वळलीस. "काय गो बाय, वान्याकडं आलीस काय तू? घरान कोन आभार मानतं? घ्यावं नि खावं." मी तिला इंग्रजीत समजावून सांगेपर्यंत तिचे कान लाल झाले होते. घरातल्या माणसाचे आभार मानले की तो परका होतो, असं काहीतरी मी माझ्या पदरचं जोडलं. तिने मान डोलावली, टोपलीतली दुसरी भाकरी स्वतःच्या हाताने घेतली, आणि त्यानंतर आपल्या घरात तो शब्द तिच्या तोंडून आला नाही. माझ्यासाठीही नाही. तिथेच माझं डोकं फिरलं. मी घरातला झालो ना!

उल्हासनगरला कॉलेजातला एक जण म्हणाला, "किसकी मेम घुमाता है रे?" त्याच्या कानाखाली मारली. तू तीन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. पण मी कुठला थांबतोय? तिची दोन वर्षं संपत आली तसा उल्हासनगर कॅम्पातल्या स्टुडिओत जाऊन पासपोर्टचे फोटो काढले. कोट सिंधी स्टुडिओवाल्याचाच, बाह्या बोटांपर्यंत. त्याने विचारलं, "साईं, फोटो शादी का है या फॉरेन का?" मी छाती काढून म्हटलं, "दोनों का." तिला निघताना विचारायचं ठरवलं होतं: तुझ्यामागे मी येऊ का? मनात शंका नव्हतीच.

जायच्या दिवशी जीप दारात उभी. ती चुलीपाशी येते, टोपलीतली उरलेली भाकरी न विचारता कागदात गुंडाळून पिशवीत टाकते, तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहते. एक शब्द नाही. मग ती बाहेर येते, माझ्यासमोर नीट उभी राहते, हात जोडते आणि एकही चूक न करता म्हणते, "तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत. मी मनापासून आभारी आहे."

फोटो माझ्या खिशात होते. मी मागे सरून जीपला वाट दिली.

घरात येऊन मी तुझ्यावर ओरडलो, "तूच शिकवलंस तिला!" तू शांतपणे चूल सारवत होतीस. "मी घरान बोलू नको, येवरंच सांगितलं. भायेरचं कोन, त्ये तिचं तिनं ठरवलं." मग ताट वाढलंस. मी दोन दिवस उपाशी राहिलो असं सांगायला आवडलं असतं, पण त्याच ताटात जेवलो.

तिचं कार्ड अजून दर नाताळात येतं, तुझ्या नावाने. यंदा लिहिलंय, "आई, माझी भाकरी फुगत नाही." तू असतानाही उत्तर कधी जायचं नाही. मी लिहून देतो म्हटलं की म्हणायचीस, "तिला म्हाईत हाय सगला." त्यामुळे तिला शंका येत नाही. तिच्या लेखी तू अजून चुलीपुढे आहेस. तिला कळवायला हवं, मुलीच्या जागी होती ती. आज त्यासाठीच एअरमेलचा कागद घेऊन बसलो होतो. तोच तुझ्यासाठी भरला. तिला पाठवायला दुसरा आणता येईल, दुकान कोपऱ्यावरच आहे. पण आये, कळवलं की ती उत्तर माझ्या नावाने पाठवणार, आणि पहिल्याच ओळीत माझे आभार मानणार. ती ओळ वाचायची माझी अजून तयारी नाही.